इंग्रजी शिकवायचं, पण कुणाच्या पगारावर?

जपानमध्ये भारतीय माणसाला इंग्रजी शिकवायची नोकरी देतात का, असं सांगलीपासून पुण्यापर्यंतची माणसं मला विचारत असतात. नवऱ्याच्या ऑफिसात नव्याने आलेल्या मुलांच्या बायका तर पहिल्याच भेटीत विचारतात. देतात. पण कुठे, कोण आणि कोणत्या कागदावर, हे सांगायला लागलं की बऱ्याच जणींचा उत्साह मावळतो. ज्यांचा टिकतो त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी आधी स्टेशनसमोरच्या खाजगी क्लासात शिकवलं, आता तोक्योबाहेरच्या एका सरकारी हायस्कुलात शिकवते, आणि मधल्या एका हिवाळ्यात यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं यावर आमच्या घरात बरीच आकडेमोड झाली.

आम्ही राहतो तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला. २००० साल उजाडताना जगभरचे संगणक बंद पडणार अशी भीती होती, तेव्हा भारतातून आलेल्या इंजिनियरांनी तोझाई लाइनवरचं हे स्टेशन धरलं, आणि मागोमाग बाकीचे आले. आता भाजीच्या दुकानात मराठी ऐकू आलं तर कुणी वळूनही बघत नाही. मी आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. या व्हिसावर नोकरी करायची तर इमिग्रेशनची वेगळी परवानगी घ्यावी लागते. ती फुकट मिळते, रहिवासी कार्डाच्या मागच्या बाजूला तिचा शिक्का बसतो, आणि मग आठवड्याला जास्तीत जास्त २८ तास काम करता येतं. दोन ठिकाणी केलं तरी मिळून २८. माझ्यासारख्या बायकांची निम्मी निवड या शिक्क्यावरच ठरून जाते.

त्या शिक्क्यावर मिळाली ती एइकाइवाची नोकरी. एइकाइवा म्हणजे इंग्रजी संभाषणाचे क्लास. इथे जवळपास प्रत्येक मोठ्या स्टेशनासमोर एक तरी असतो. पुण्यात मी सकाळी ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर आणि संध्याकाळी डेक्कनच्या एका क्लासात शिकवलेलं होतं, त्यामुळे फी भरून आलेल्या मुलांपुढे उभं राहणं काही नवीन नव्हतं. नवीन होतं ते मुलाखतीतलं वळण. माझं इंग्रजी ऐकून बाईंनी मान डोलावली, आणि मग अगदी अदबीने विचारलं की पालकांनी विचारलं तर तुम्ही कुठून आलात म्हणून सांगाल? मी म्हटलं, भारतातून. त्यांनी ते लिहून घेतलं. नोकरी दिली, पण भिंतीवरच्या शिक्षकांच्या फोटोंत माझा फोटो यायला वेळ लागला. जाहिरातीत ‘नेटिव्ह’ असं छापलेलं असतं, आणि तिथल्या पालकांच्या डोळ्यांसमोर त्या शब्दाचा एक ठरावीक चेहरा असतो. तो माझा नाही. नावाचीही गंमत झाली. जपानीत ‘व’ला नीट जागा नाही, त्यामुळे वृषालीची ‘बुरिशारी सेन्सेई’, म्हणजे बुरिशारी बाई, झाले आणि तशीच राहिले.

कामाची वेळ दुपारी एक ते रात्री नऊच्या मधली, माझ्या वाट्याला बहुतेक संध्याकाळच. आधी बालवाडीतली मुलं, मग शाळा सुटलेली, सातनंतर मोठी माणसं. लहानांच्या तासाला काचेपलीकडे आया बसलेल्या. आपण चित्रांची कार्डं नाचवतोय, आणि पलीकडून फीचा हिशेब चाललाय, हे दिसत असतं. सगळ्यात जीव जायचा तो चाचणी-तासाला. नवीन मूल येतं, आपण त्याला अर्धा तास हसवायचं, मग कार्यालयातली बाई आईला घेऊन फीचा तक्ता उघडते. मुलाने प्रवेश घेतला नाही तर दुसऱ्या दिवशी प्रश्न शिक्षकाला. ऑक्टोबरात हॅलोविनचे पोशाख घालायचे, डिसेंबरात सांताक्लॉज. माझ्या सासूबाईंनी तो फोटो बघितला आणि आपल्या मुलाला एवढंच विचारलं, ‘तिथे यासाठी एमए लागते का?’

तरी मोठ्यांचा तास मला फार आवडायचा. रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा, एका दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी ७०० मिळाले तर बढती मिळेल या आशेवर आलेला एक गोदाम-मॅनेजर. दिवसभर काम करून आलेली, डोळ्यांवर झोप, पण स्वतःच्या पायांनी आलेली माणसं. त्यांच्या तोंडून एक सबंध वाक्य निघालं की त्यांना स्वतःलाच हसू यायचं. शाळेत हे फार क्वचित दिसतं, हे आधीच सांगून ठेवते.

आता पैसे. तासाला १८०० येन हा दर ऐकायला बरा वाटतो. पण नवऱ्याच्या आरोग्यविम्यावर आणि पेन्शनवर ‘अवलंबून’ राहायचं असेल तर बायकोची वर्षाची कमाई १३ लाख येनच्या आत हवी. जपानी बायका याला भिंत म्हणतात, आणि भिंतच आहे ती. १३ लाखांना बाराने भागा : महिन्याला एक लाख आठ हजार. १८०० च्या दराने महिन्याला ६० तास. म्हणजे सरकार आठवड्याला २८ तास देतं, आणि विमा चौदावर आणून ठेवतो. शिवाय कंपनी मोठी असेल तर भिंत आणखी अलीकडे येते : आठवड्याला २० तास भरले (मी हिशेब केला तेव्हा महिन्याला ८८ हजार येनही) की तुमच्या पगारातूनच विमा आणि पेन्शन कापायला सुरुवात. आधी हा नियम ५०० हून जास्त माणसांच्या कंपन्यांना होता, २०२२ च्या ऑक्टोबरपासून १०० हून जास्त, २०२४ च्या ऑक्टोबरपासून ५० हून जास्त. भिंतीच्या जरासं पलीकडे गेलं तर हातात येणारी रक्कम उलट घटते. ओलांडायची तर चांगलं लांब उडी मारून ओलांडायची, नाहीतर अलीकडे बसायचं. क्लासातल्या माझ्या जपानी सहकारी बायका डिसेंबर आला की तास मोजून रजा घ्यायच्या, त्याचं कारण हे.

पूर्णवेळ शिक्षकांची तऱ्हा निराळी. बऱ्याच क्लासांच्या करारात आठवड्याला २९.५ तास असं लिहिलेलं असायचं. तीसला अर्धा तास कमी का? कारण पूर्ण कामाच्या, म्हणजे चाळीस तासांच्या, तीन चतुर्थांश तास भरले की मालकाला विम्याचा आपला वाटा भरावा लागतो. भिंत अलीकडे सरकत गेल्यापासून ही युक्ती मोठ्या कंपन्यांत चालत नाही, पण कराराच्या कागदावर असा अर्धा तास दिसला की समोरचा माणूस कसा हिशेबी आहे ते कळतं. क्लासांच्या धंद्याबद्दल बोलताना इथले जुने शिक्षक नोवा या क्लासांच्या कंपनीचं नाव घेतातच. ‘स्टेशनसमोरचं परदेशशिक्षण’ ही त्यांची जाहिरात देशभर गाजली होती. २००७ च्या ऑक्टोबरात कंपनी दिवाळखोरीत गेली, हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले, आणि आगाऊ फी भरलेले विद्यार्थी हात चोळत बसले. क्लास हे दुकान आहे. गल्ल्यात पैसे आहेत तोवर सगळं ठीक.

मला क्लास सोडावासा वाटला तो मात्र पैशांमुळे नाही. मुलगी पहिलीत गेली. ती दुपारी घरी येणार, आणि मी नेमकी तेव्हा बाहेर पडणार. रात्री साडेनऊला परत आले की ती झोपलेली. नवऱ्याने स्वयंपाक शिकून घेतला, इतका की आमटी आता त्याचीच चांगली होते, पण संध्याकाळ ती संध्याकाळच. आणि दुसरं कारण मी उघडपणे कमी बोलते : नवऱ्याच्या व्हिसावर राहणं म्हणजे त्याच्या नोकरीवर राहणं. त्याची कंपनी डगमगली की आमचे सगळ्यांचेच कागद डगमगतात. घरात दोघांचे वेगवेगळे व्हिसा असावेत असं मला वाटत होतं. नवऱ्याला आधी पटलं नाही. त्याच्या ऑफिसात माणसं कमी करायची चर्चा सुरू झाली तेव्हा पटलं.

शाळेत शिरायची दारं तीन. पहिलं, परदेशी माणसांना शाळांत सहायक म्हणून आणणाऱ्या सरकारी जेट योजनेचं, १९८७ पासून चालू असलेलं. पगार सगळ्यांत बरा, पण त्याचा अर्ज मायदेशातल्या जपानी दूतावासात करायचा असतो, आधीच इथे येऊन बसलेल्या बाईला ते दार नाही. दुसरं दार थेट नेमणुकीचं : शिक्षण मंडळ किंवा खाजगी हायस्कूल स्वतः तुम्हाला ठेवतं. खाजगी शाळांत बहुतेक वेळा तासांवर पैसे, इथल्या भाषेत ‘कोमा’वर. पुण्यातली तासिका तत्त्वाची नेमणूकच ही. सुट्टीत पैसे नाहीत, पुढच्या वर्षी तास मिळतील का ते मार्चशिवाय कळत नाही. तिसरं दार ‘हाकेन’चं, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या कंपनीचं. शिकवायचं शाळेत, पगार कंपनीचा. बहुतेकांना हेच दार मिळतं, मलाही हेच मिळालं.

मला दोन ठिकाणांहून होकार आला. क्लासाने शाखेची ‘मुख्य शिक्षिका’ व्हायला सांगितलं : पूर्णवेळ, कामाचा व्हिसा ते काढून देणार, महिना अडीच लाखांच्या वर, पण संध्याकाळ आणि शनिवार त्यांचे, आणि नवीन प्रवेशांचा आकडा माझ्या नावावर. हाकेन कंपनीकडून हायस्कूल : सकाळी सव्वाआठ ते दुपारी सव्वाचार, महिना सव्वादोन लाखांच्या आसपास, ऑगस्टात पगाराचा काही भागच. कागदावर क्लास जिंकत होता. निशी-कासाईतल्या मैत्रिणींचंही मत तेच. एकीने तर सरळ म्हटलं, ‘अगं, शाळेत तुला कोण विचारणार? तिथे तू मदतनीस.’ खोटं नव्हतं ते.

कंपनीने पहिल्याच बैठकीत एक कागद मागितला, आणि त्या कागदापाशी अनेक भारतीयांचं गाडं अडतं. क्लासाचा आणि शाळेचा व्हिसा वेगळा असतो. क्लासात भाषा शिकवायला पदवी चालते. शाळेत सहायक म्हणून परदेशी भाषा शिकवायची तर त्या भाषेतून किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं दाखवावं लागतं. पुण्यातली माझी एक मैत्रीण सातवीपर्यंत मराठी माध्यमात होती. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा सरस, व्याकरण तर विचारूच नका. आठवी ते एमए सगळं मोजलं तरी तिची वर्षं दहाच भरतात. नियम भाषा तपासत नाही, वर्षं मोजतो. मराठी माध्यमातून शिकून उत्तम इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांनी महाराष्ट्र भरलेला असताना हा नियम मला आजही बिनडोक वाटतो, त्याचा फायदा मला झाला असला तरी.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. स्वतःच्या मुलीला इंग्रजी माध्यमात घातलं म्हणून त्यांनी शिक्षक मित्रांची बोलणी खाल्ली होती. आता तेच माझ्या जुन्या शाळेत पत्र आणायला गेले. तिथल्या भाऊसाहेबांनी शाळा सोडल्याचा दाखला पुढे केला. ‘सर, यावर आहे की सगळं.’ बाबा म्हणाले, ‘यावर जात आहे, जन्मतारीख आहे, वर्तणूक चांगली आहे. माध्यम कुठंय?’ मग शाळेच्या लेटरहेडवर पहिली ते दहावी शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असा मजकूर, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का. ज्युनियर कॉलेज आणि विद्यापीठाची पत्रं वेगळी. विद्यापीठाला सगळ्यांत जास्त वेळ लागला, हे वाचून कुणाला आश्चर्य वाटणार नाही. हे सगळं घेऊन शिनागावाच्या इमिग्रेशन कचेरीत रांग लावली. तिथे सकाळी लवकर पोचलं तरी आपल्याआधी शेकडो माणसं असतात. एक पुस्तक, पाणी आणि भरपूर शांतपणा बरोबर न्यावा. निकालाचं कार्ड मार्चअखेर आलं. शाळा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार होती.

एप्रिलमध्ये शिक्षकांच्या खोलीत मला एक टेबल मिळालं, चपलांचं कपाट मिळालं आणि चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग मिळाले. २०२२ पासून हायस्कुलाच्या नव्या अभ्यासक्रमात इंग्रजीचे दोन विषय आहेत, एक संवादाचा आणि एक ‘तर्क आणि अभिव्यक्ती’चा. मला दुसऱ्यात घालतात. नाव मोठं आहे, पण प्रत्यक्षात मुलं आपलं मत सांगायला इतकी कचरतात की पहिला महिना मी फळ्याशीच बोलले. क्लासातला गोदाम-मॅनेजर चुकला तर हसायचा. इथे सोळा वर्षांचा मुलगा चुकण्याच्या शक्यतेनेच खाली बघतो. पुण्यातली अकरावीची पोरं निदान दंगा तरी करायची.

त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेत, जी २०२१ च्या जानेवारीत नव्या रूपात आली, इंग्रजीला वाचनाचे १०० आणि ऐकण्याचे १०० गुण आहेत. बोलण्याला शून्य. बोलण्याची चाचणी खाजगी परीक्षांमार्फत आणायचं ठरलं होतं, पण गरीब आणि खेड्यातल्या मुलांवर अन्याय होईल अशी ओरड झाली आणि २०१९ च्या नोव्हेंबरात ते पुढे ढकललं, मग बारगळलंच. ज्याचे गुण नाहीत ते शिकायला बारावीचं मूल वेळ का देईल? आपल्याकडे तरी देतं का? म्हणून शरद ऋतूपासून वरच्या वर्गातले माझे तास गळत जातात आणि मी टेबलाशी बसून राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर मोकळ्या इमारतीत बसायचं, ही इथल्या परदेशी शिक्षकांची जुनी रड आहे.

मात्र एइकेन या इंग्रजीच्या परीक्षेचे दिवस आले की चित्र पालटतं. तिच्या दुसऱ्या टप्प्यात तोंडी मुलाखत असते. शाळा सुटल्यावर मुलं एकेक करून येतात, दारात वाकून नमस्कार करतात, आणि बंद खोलीत, मित्र बघत नसताना, बोलतात. बेसबॉलच्या चमूतला एक दांडगा मुलगा मला सांगत होता की त्याच्या आजीच्या शेतात रानडुकरं येतात आणि त्यावर सरकारने काय करावं. व्याकरण मोडकं होतं, मुद्दा पक्का होता. ‘बुरिशारी सेन्सेई, भारतात पण येतात?’ मी म्हटलं, येतात रे, कोकणात विचार.

शाळेत मी भारतीय आहे हे कुणी लपवायला सांगितलं नाही. उलट इंग्रजीचे जपानी शिक्षक मुद्दाम मला भारतातल्या इंग्रजीबद्दल बोलायला लावतात. योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस २०१९ मध्ये आमच्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आला आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या सरकारी हायस्कुलाचा मुख्याध्यापक झाला, हे आमच्या उपमुख्याध्यापकांनीच मला पहिल्या दिवशी ऐकवलं.

हे सगळं खरं, पण मी त्या शाळेची नाही. माझा मालक दुसऱ्याच शहरात बसलेली कंपनी. काही ठिकाणी करार असा असतो की शाळेतला शिक्षक तुम्हाला वर्गात थेट सूचनासुद्धा देऊ शकत नाही, दिली तर कायद्याने अडचण. सूचना कंपनीमार्फत यायची. एकाच फळ्यापाशी दोघं उभी, आणि निरोप तिसऱ्याकडून! आमच्याकडे तसं नव्हतं, म्हणून काम सुसह्य होतं. पण कंत्राट दर वर्षी निविदेने निघतं आणि ज्याची बोली कमी त्याला ते मिळतं. दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये आमच्या कंपनीच्या हातून ते गेलं. शाळेला मी हवी होते, मला शाळा हवी होती, आणि दोघांच्याही हातात काही नव्हतं. नव्या कंपनीने मला त्याच टेबलावर ठेवायची तयारी दाखवली, दहा हजार येन कमी करून. मी पाच हजारांवर आणलं आणि सही केली.

म्हणून आता कुणी विचारलं, क्लास की शाळा, तर मी आधी विचारते, करारावर मालक म्हणून नाव कुणाचं आहे? विमा कोण भरणार, ऑगस्टात किती मिळणार, मार्चनंतर काय, आणि तुमच्या घरी संध्याकाळी कोण असतं? शाळेने थेट नेमलं असेल तर शाळा. मधे कंपनी असेल आणि घरी लहान मूल नसेल, तर चांगल्या मालकाचा क्लास काही वाईट नाही. मोठ्यांना शिकवायला मिळणार असेल तर नक्कीच नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर, इथे प्रीफेक्चरचं, म्हणजे प्रांताचं, शिक्षण मंडळ एक विशेष परवाना देऊ शकतं. तो मिळाला की नेहमीचा जपानी शिक्षक-परवाना नसलेला परदेशी माणूसही सहायक न राहता पुरा शिक्षक म्हणून शिकवू शकतो. मात्र त्यासाठी आधी तुम्हाला नेमू पाहणाऱ्या शाळेने शिफारस करावी लागते. एका खाजगी मुलींच्या हायस्कुलाशी माझं बोलणं चालू आहे. त्यांना शिक्षकांच्या बैठकीत बसून जपानीत बोलू शकणारी बाई हवी आहे, निदान जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू पातळी पास झालेली. ती परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आहे, आणि माझं व्याकरणाचं निम्मं पुस्तक अजून व्हायचंय.